परतीची वाट: जुन्या गाडीच्या वायरिंगमधला बिघाड कसा शोधावा

जुन्या गाडीत 'जळालं' म्हणून जे बदललं जातं, त्यातलं बरंचसं जळालेलं नसतं. हेडलाईट मंद झाला की आधी बल्ब बदलतात. उजेड तेवढाच राहतो, म्हणून स्विच बदलतात. तरीही फरक पडत नाही, मग बॅटरीवर संशय येतो. चार-पाच हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसते, दोन रात्री बऱ्या जातात आणि तिसऱ्या रात्री पुन्हा रस्त्यावर पिवळट उजेडाचे दोन ठिपके. दोष यांपैकी एकाही वस्तूत नव्हता. वस्तूपर्यंत वीज जाण्याच्या किंवा तिथून परत येण्याच्या वाटेत तो होता. ही वाट तपासायला नवं सामान लागत नाही. पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर, बारा व्होल्टचा एक बल्ब, दोन तारा आणि थोडा धीर एवढ्यावर काम होतं.

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा लागतो. या गावात जनावरांचा मोठा बाजार भरतो, कांद्याचे लिलाव होतात, आणि शनी अमावस्या असली की फाट्यावर पाय ठेवायला जागा नसते. म्हशी, कांद्याच्या गोण्या आणि भाविक, या तिन्हींची ने-आण करणाऱ्या गाड्यांत जुन्या गाड्यांचा भरणा मोठा असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. त्यामुळे शहरात एकाने विकलेली गाडी तालुक्यात दुसऱ्याच्या दारात नव्याने संसाराला लागते. इंजिन तिला साथ देतं. गिअरबॉक्स उघडून नीट करता येतो. वायरिंग मात्र कुणी मुळापासून पाहत नाही. प्रत्येक मालक त्यात एक वायर वाढवतो आणि गाडी पुढच्याच्या हवाली करतो.

या गाड्यांचं नगर जिल्ह्याशी नातं जुनं आहे. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी करणारे नवलमल फिरोदिया मूळचे नगरचेच. मॅटाडोर आणि पुढे ट्रॅक्स ही याच कंपनीची वाहनं. फिरोदिया कुटुंबातूनच कायनेटिक निघाली, नगरला तिचा कारखाना झाला आणि १९७२ ची लुना घरोघरी पोचली. महिंद्रांनी मुंबईत स्वातंत्र्याच्या सुमारास जीप जोडायला सुरुवात केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पण हौशी मालकांकडे पद्मिनी आजही आहे. या साऱ्या गाड्यांचं वायरिंग आजच्या मानाने अगदी सरळ. संगणक नाही, सेन्सर नाहीत. ज्याला बॅटरीपासून दिव्यापर्यंतची वाट कागदावर काढता येते, त्याला ते पूर्ण समजू शकतं.

डिझेल जीपच्या वायरिंगची हेळसांड होण्यामागे एक खास कारण आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीला कॉइल लागते आणि कॉइलला वीज. वायर तुटली की गाडी जागच्या जागी बंद पडते आणि दुरुस्ती टाळता येत नाही. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसते. दाबलेल्या गरम हवेत डिझेल आपोआप पेटतं आणि बंद करायला ओढायची दांडी असते. बॅटरी मेली तरी उतारावर लावायची, धक्का मारायचा, गाडी चालू. त्यामुळे अशा जीपचं वायरिंग वर्षानुवर्षं आजारी राहिलं तरी धंदा थांबत नाही. तो आजार अंधार पडल्यावर दिसतो, तोही अनेकदा समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली येत असताना.

आता मूळ गोष्ट. बॅटरीच्या अधिक टोकातून निघालेली वीज फ्यूजमधून, स्विचमधून बल्बात जाते, हे सर्वांना ठाऊक असतं. बल्बातून पुढे ती परत बॅटरीच्या उणे टोकाला पोचली पाहिजे, हे मात्र विसरलं जातं. गाडीत परतीसाठी वेगळी वायर बहुधा नसते. गाडीचा पत्रा आणि चासी हीच परतीची वायर. मिस्तरी तिला 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' म्हणतात. म्हणजे गाडीचं निम्मं वायरिंग लोखंडाचं आहे, त्याला रंग दिलेला आहे आणि त्याला गंज चढतो. दिवा जिथे पत्र्याला स्क्रूने कसलेला असतो, तिथे गंजाचा कागदाएवढा थर आला तरी वाट अडते. जुन्या गाडीत मी आधी अर्थ पाहीन आणि मग बाकीचं. एवढी एक सवय लावून घेतली तरी निम्मा खर्च वाचतो, असं माझं ठाम मत आहे.

बिघाड तीन तऱ्हांचे. वाट पूर्ण तुटली तर 'कट'. वीज बल्बात न जाता मधेच पत्र्याला लागून परतली तर 'शॉर्ट'. हे दोन्ही ओळखायला सोपे, कारण एकात काहीच चालत नाही आणि दुसऱ्यात फ्यूज उडतो. तिसरा बिघाड म्हणजे वाट शाबूत, पण अरुंद झालेली: गंजलेलं थिंबल, सैल पडलेलं कपलर, स्विचमधला काळा पडलेला संपर्क, आत दोनच धागे उरलेली वायर. इथे सगळं चालतं आणि काहीच नीट चालत नाही. हॉर्न घोगरा होतो, वायपर रेंगाळतो, सेल्फ 'टक' करून थांबतो. जुन्या गाडीची बहुतेक दुखणी या तिसऱ्या जातीची असतात आणि त्यांच्याच बाबतीत सर्वांत जास्त सामान विनाकारण बदललं जातं.

हा तिसरा बिघाड मीटरलाही फसवतो. विहिरीवरून शेतात आणलेल्या पाइपलाइनचं पाहा. शेवटचा व्हॉल्व्ह बंद असताना तिथे दाब मोजला तर तो पुरेपूर दिसतो, मग पाइपात अर्ध्यापर्यंत गाळ का असेना. व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहू लागलं की दाब कोसळतो आणि गाळ उघडा पडतो. विजेचं तसंच आहे. बल्ब काढून नुसत्या होल्डरमध्ये मोजलं तर १२ व्होल्ट दिसतात आणि 'करंट बरोबर येतोय' असा निर्वाळा मिळतो. बल्ब लावून, दिवा पेटलेला असताना मोजलं की खरं काय ते कळतं. मीटर ओहमवर ठेवून वायर तपासण्याचंही तेच. दहा धाग्यांपैकी एक धागा शिल्लक असलेली वायर मीटरवर शून्याच्या जवळच दिसते, कारण मीटर तिच्यातून नगण्य वीज सोडतो. हेडलाईटचा भार आला की तोच एक धागा तापतो. म्हणून नियम असा: काम चालू असताना मोजायचं, आणि मोजायचं ते वाटेत किती व्होल्ट हरवले ते.

फाट्यावर उभी असलेली एखादी वीस वर्षांची जीप घेऊ. चालक म्हणतो, "मिस्तरी, लाईट लय डीम मारतीय, बल्ब टाका नवे." दोन्ही बाजूंना ५५ वॅटचे डिपर आहेत, म्हणजे मिळून सुमारे ९ अँपिअर वीज वाहते. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून मोजायला सुरुवात करू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण जुन्या जीपवर मीटर धरला तर याच्या आसपासचे दिसायला हरकत नाही.

बॅटरीच्या दोन टोकांवर १३.६ व्होल्ट. दिव्यांचा भार असताना एवढे मिळतात म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. आता मीटरची एक पिन बल्बाच्या जिवंत टोकाला आणि दुसरी त्याच बल्बाच्या अर्थच्या टोकाला. ११.२ व्होल्ट. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत गेले. आकडा लहान वाटतो, पण तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पटीने वेगात घटतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड साधारण ३० टक्के उतरतो. १३.६ चे ११.२ झाले म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा. बल्ब नवा टाकला तरी तोही निम्माच जळणार.

हे २.४ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक पिन बॅटरीच्या अधिक टोकावर धरा, दुसरी बल्बाच्या जिवंत टोकावर. १.५ व्होल्ट. मग एक पिन बल्बाच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या उणे टोकावर. ०.९ व्होल्ट. बेरीज जुळली: जाण्याच्या वाटेत दीड, परतीच्या वाटेत जवळजवळ एक. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल तर तिथे काम आहे, असं धरून चालायचं. पुढे जाण्याच्या वाटेवर एक-एक टप्पा घेऊ. बॅटरी ते फ्यूज ०.१, ते ठीक. फ्यूजच्या दोन बाजूंना ०.३, म्हणजे फ्यूजच्या चिमट्यांवर गंज. हेडलाईट स्विचच्या आत-बाहेर ०.७. उरलेले ०.४ डिपर स्विच आणि कपलरमध्ये. मोठा चोर स्विच आहे. ०.७ व्होल्ट गुणिले ९ अँपिअर म्हणजे ६ वॅटहून अधिक उष्णता त्या काडेपेटीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत रोज रात्री साठते. जुने स्विच वितळतात ते यामुळे. पंधरा मिनिटांत, एकही वस्तू न बदलता, दोष चार ठिकाणी वाटून समोर आला.

दुरुस्तीची सुरुवात अर्थपासून. अर्थचा स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, नवं थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा म्हणजे पाणी शिरणार नाही. दोन्ही हेडलाईटच्या अर्थवायर एकत्र करून थेट चासीच्या स्वच्छ बोल्टला नेल्या तर आणखी उत्तम. स्विचसाठी उपाय रिलेचा. रिले म्हणजे थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा चुंबकी स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ ही गुंडाळीची दोन टोकं, ३० वर बॅटरीकडून आलेली जाड वायर, ८७ वरून दिव्याकडे जाणारी वायर. जुना हेडलाईट स्विच आता फक्त गुंडाळीला वीज देतो, ती पाव अँपिअरहूनही कमी. दिव्याची ९ अँपिअर वीज बॅटरीकडून फ्यूजमार्गे, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीने, जवळच्या वाटेने जाते. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले लागतात. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ हवा. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज दिले तर मी अधिक खूश होईन, कारण एक उडाला तरी दुसऱ्या दिव्यावर घरी पोचता येतं. एवढं केल्यावर बल्बापाशी १३ व्होल्टच्या वर मिळायला हवेत. जुनाच बल्ब, आणि रस्ता दिसू लागतो.

बिघडलेली अर्थ कधीकधी विचित्र चाळे करते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. पार्किंग लावलं की ब्रेकचा दिवा विझतो. मागच्या दिव्यांच्या संचाची अर्थ तुटलेली असते तेव्हा वीज परतायला दुसरी वाट शोधते आणि शेजारच्या बल्बाच्या तारेतून उलटी जाऊन तिकडून घरी जाते. दोन बल्ब एकाच विजेवर अर्धे-अर्धे जळतात. एका दिव्याचं बटण दाबल्यावर दुसराच दिवा उजळला तर कॉम्बिनेशन स्विचला हात लावू नका, आधी मागच्या दिव्याची अर्थ पाहा.

त्याहून गंभीर प्रकार इंजिनाच्या अर्थचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. दोघांना जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते. तेल-मातीने ती कुजते, इंजिन उतरवून चढवताना ती लावायची राहून जाते. सेल्फला पेट्रोल गाडीत शंभर ते दोनशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून अधिक. पट्टी नसेल तर ही वीज ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून परत जाण्याचा प्रयत्न करते. सेल्फ मारताना अशी केबल गरम लागली, तिच्या तोंडाशी धूर दिसला किंवा ती अडकू लागली, तर सेल्फ खोलायला घेऊ नका. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या उणेला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारून पाहा. इंजिन झटकन फिरलं तर रोग सापडला, आणि औषध एका पट्टीच्या किमतीचं.

आता शॉर्ट. फ्यूज उडाला की दुसरा टाकायचा, तोही उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची किंवा तांब्याची तार बसवायची, ही रीत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती गाडी जाळते. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. १० अँपिअरच्या वायरवर तांब्याची तार बसवली की फ्यूजऐवजी सबंध वायर वितळते, आणि ती एकटी नसते, वीस वायरींच्या जुडग्यात असते. आतून जळालेलं जुडगं पुन्हा उभं करणं म्हणजे डॅशबोर्ड काढून चार दिवसांचं काम. पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवण्याजोगे आहेत: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. डबीत दोन-दोन ठेवले तर चांदी गुंडाळायची वेळ येत नाही.

शॉर्ट शोधण्याची एक जुनी युक्ती मला फार आवडते, कारण तिला फ्यूज वाया घालवावे लागत नाहीत. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन चिमट्यांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तारांनी जोडा. शॉर्ट असेल तर सगळे व्होल्ट या बल्बालाच मिळतात आणि तो पूर्ण तेजाने जळतो. त्याच्यातून दोन अँपिअरहून कमी वीज जाते, त्यामुळे वायरला धोका नाही. आता त्या फ्यूजवर चालणारी एक-एक वस्तू कपलर सोडवून वेगळी करत जा. ज्या कपलरला बल्ब विझेल किंवा मंद होईल, त्याच्या पुढे शॉर्ट आहे. मग वायर हाताने हलवत चला. पत्र्याच्या भोकातून जाणारी जागा, दाराची बिजागरी, सीटखालचा भाग, स्टिअरिंग कॉलम. भोकातलं रबरी बूच गळून पडलेलं असतं आणि पत्र्याच्या धारेने आवरण कापलेलं असतं. हलवताना बल्ब लुकलुकला की बोट त्याच जागी ठेवा.

नगर भागात आणखी एक शत्रू आहे. उसाचं रान मोकळं झालं की उंदीर आसरा शोधतात आणि शेडमधल्या गाडीचं कोमट इंजिन त्यांना आवडतं. उंदराने कुरतडलेली वायर एक दिसली तर ती एकच आहे असं समजू नये. जुडग्यावरची टेप उघडून हातभर पुढे आणि हातभर मागे पाहावंच.

सांध्यांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण चांगलं निदान वाईट सांध्याने वाया जातं. वायरी सोलून पिळा मारायचा आणि वर काळी टेप, हा सांधा एप्रिल-मेच्या उन्हात टिकत नाही. टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, पावसात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. सोललेली वायर काळी निघाली तर आणखी मागे कापा, लालसर चमक दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर डाखही बसत नाही आणि थिंबलही पकड घेत नाही. हलत्या जागी मी नुसत्या डाखापेक्षा नीट दाबलेलं थिंबल पसंत करतो. डाखाचं कथील वायरच्या धाग्यांत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग संपतो तिथे हादऱ्यांनी वायर तुटते. थिंबल दाबायला पक्कड नव्हे, क्रिंपिंगचं हत्यार वापरा आणि दाबल्यावर ओढून पाहा. वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह. आणि वायर त्याच रंगाची घ्या. आज हाताशी लाल आहे म्हणून काळ्याच्या जागी लाल घातली तर पाच वर्षांनी दुसऱ्या मिस्तरीचा अख्खा दिवस जातो.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर सर्व बंद करून, उणे टोक सोडवून, टोक आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर जोडा. जुन्या साध्या गाडीत घड्याळ-टेप धरून काही मिलीअँपिअरच दिसले पाहिजेत. अर्धा अँपिअर दिसला तर ५० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी चार दिवसांत पूर्ण रिकामी होईल, आणि सेल्फ त्याआधीच हात टेकेल. एक-एक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडतो, तिकडे गळती. बहुधा ती डिकीतल्या दिव्यात किंवा मागाहून बसवलेल्या टेपमध्ये निघते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचं आयुष्य तिथेच संपेल.

चार्जिंगची परीक्षा सोपी आहे. रात्रभर विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दरम्यान हवं. १३ च्या खाली असेल तर चार्जिंग नाही, १५ च्या वर असेल तर बॅटरीचं पाणी उकळून जाईल. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा किल्ली फिरवल्यावर पेटतच नसेल, तर त्याचा छोटा बल्ब आधी पाहा. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीची वीज त्याच बल्बामधून मिळते आणि तो गेला की चांगला अल्टरनेटर मुका बसतो. चालू इंजिनावर बॅटरीचं टोक काढून 'चार्जिंग येतंय का' पाहण्याची पद्धत डायनामोच्या काळातली. अल्टरनेटरच्या गाडीत ती डायोड उडवते. ती सोडून द्यावी. फार जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या गाडीत आणखी एक पथ्य: तिथे पत्र्याला बॅटरीचं अधिक टोक जोडलेलं असू शकतं. गृहीत न धरता पाहून घ्या.

कामाला हात घालण्यापूर्वी उणे टोक आधी काढायचं, जोडताना ते शेवटी. पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ विडी-सिगारेट नको. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ उतरवून ठेवा. शिंगणापूरच्या वाटेवरच्या पुष्कळ चालकांच्या बोटात श्रद्धेची लोखंडी अंगठी असते. ती तेवढ्यापुरती खिशात ठेवावी. बॅटरीचं टोक आणि पत्रा यांच्यामध्ये ती सापडली तर क्षणात लालभडक होते आणि बोट भाजून निघतं.

ही पद्धत कार्बोरेटरच्या किंवा जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे. एमपीएफआय गाडीत संगणकाला जाणाऱ्या वायरींवर बल्बाचा टेस्टर लावू नये. त्याची वीज संगणकातल्या नाजूक भागाला झेपत नाही. तिथे फक्त मीटर.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलांना हे सर्व शिकवलं जातं. गॅरेजात आल्यावर घाईच्या गिऱ्हाइकापुढे ते मागे पडतं, कारण मोजण्याचे पैसे कुणी देत नाही, सामान बदलण्याचे देतात. अर्धा तास मीटर धरून दोष शोधणाऱ्या आणि दहा रुपयांचं थिंबल लावणाऱ्या मिस्तरीला आपण 'एवढंच तर केलं' म्हणतो. त्याची मजुरी त्या शोधाची आहे आणि ती पूर्ण द्यायला हवी. मालकानेही एक वही ठेवावी: कोणती वायर कुठून कुठे, कोणता फ्यूज कशाचा, कधी काय जोडलं. गाडी विकताना ती वही गाडीबरोबर द्यावी. आणि पुढच्या वेळी गॅरेजात कुणी म्हणालं की अमुक वस्तू बदलावी लागेल, तर पैसे काढण्यापूर्वी एवढंच विचारा: "ती चालू असताना तिच्यापाशी किती व्होल्ट येतात, आणि अर्थला किती हरवतात?" दोन्ही आकडे तुमच्या डोळ्यांसमोर मोजून घ्या, मग ठरवा.